भुतं खरी असलेल्या गावात खुनाचा तपास कसा करायचा?

पारंबी

नमस्कार मंडळी,

एक दीर्घकथा लिहितेय, रहस्यकथा. गाव वेंगुर्ले तालुक्यातलं, पण काल्पनिक. या गावात देवचार, मुंजा, गिऱ्हा हे सगळे खरोखर आहेत. शेवटी घोंगडी ओढली की आतून स्मगलर निघाला, असला प्रकार नाही. गावकरी त्यांना ओळखतात, वर्षाची राखण वेळेवर देतात, त्यांच्या वाटेत बांधकाम करत नाहीत आणि बाकी आपापल्या कामाला लागतात.

अशा गावात एक माणूस मरून पडतो. त्याने देवचाराच्या वाटेवर चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातला होता. गाव एका आवाजात म्हणतं, "देवचाराने घेतला." तपासाला येते लातूरकडची एक महिला हवालदार. देवचार कशाशी खातात हेही तिला ठाऊक नाही.

पहिला खर्डा दोन मैत्रिणींना वाचायला दिला. एक म्हणाली, भूत आहे म्हटल्यावर त्यानेच मारलं असणार, त्यात शोधायचं काय? दुसरी म्हणाली, "तू शेवटी काहीही काढू शकतेस, म्हणून मी अंदाज बांधणंच सोडून दिलं." हे दुसरं जास्त लागलं. वाचक अंदाज बांधत नसेल तर रहस्यकथा लिहायची कशाला?

भूतही खरं आणि कोडंही प्रामाणिक, असं जमतं का? कुणी लिहून पाहिलंय?

संशयात्मा

जमत नाही. हे मी म्हणत नाही, रहस्यकथावाल्यांनीच ठरवून ठेवलंय. १९२९ साली रोनाल्ड नॉक्सने रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यातल्या दुसऱ्याच नियमात अतिमानवी शक्तींना सरसकट बंदी आहे. आणि हा नॉक्स कोण, तर कॅथलिक धर्मगुरू! ज्याचा पेशाच अदृश्यावर विश्वास ठेवण्याचा, तोही म्हणतो की कोड्यात भूत घालू नका. बंद खोलीत खून झाला आणि उत्तर "खुनी भिंतीतून आला" असं असेल तर वाचकाने पुस्तक फेकून मारावं.

दोनातलं एक निवडा, पारंबीताई. भयकथा लिहा, नाहीतर तपासकथा लिहा.

चहा_बिस्कीट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा शंभरी गाठणार.

हिशेबनीस

संशयात्मा, नॉक्सचा नियम बरोबर आहे पण तुम्ही तो अर्धाच वाचताय. भीती भुताची नाही, लेखकाच्या मनमानीची आहे. त्याच यादीत एकाहून जास्त गुप्त खोल्या किंवा भुयारं नकोत असंही म्हटलंय. भुयार काही अतिमानवी नसतं, पण लेखकाने शेवटच्या पानावर खिशातून काढलं की फसवणूकच.

हाच वाद विज्ञानकथेत होऊन गेलाय. तिथे संपादक म्हणायचे की भविष्यातला डिटेक्टिव्ह ऐन वेळी एखादं यंत्र काढून दाखवेल, मग कोडं कसलं? आयझॅक असिमोव्हने त्याला उत्तर म्हणून थेट खुनाच्या तपासाची कादंबरी लिहिली. १९५४ ला ती पुस्तकरूपात आली, आणि त्यात तपास करणाऱ्या जोडीतला एक चक्क रोबो आहे. त्याची युक्ती साधी होती. रोबोला काय करता येत नाही ते तीन नियमांत आधीच सांगून ठेवायचं. मग वाचक स्वतःच त्या नियमांत फट शोधायला लागतो. भुताच्या बाबतीत हेच करा. त्याला काय येतं यात कोडं नसतं, काय येत नाही त्यात असतं.

आणि खरं सांगू का, आपल्याला नियम नव्याने रचायचीसुद्धा गरज नाही. इंग्रजी कादंबरीकाराला आपला ड्रॅगन कुठे उडतो आणि कुठे नाही हे बसून ठरवावं लागतं. आपली भुतं तलाठ्यासारखी आहेत, प्रत्येकाचा सजा, म्हणजे हद्द, ठरलेला. मुंजा पिंपळावर. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोरगा तो, त्याचं सगळं वागणं पोरासारखं. चकवा वाट चुकवतो, रात्रभर त्याच बांधावरून फिरवतो, पण गळा दाबत नाही. आसरा पाण्यापाशी. हडळ पावलांवरून ओळखायची. हाकामारी दाराबाहेरून ओळखीच्या आवाजात हाक मारते. पहिल्या हाकेला ओ दिली नाही तर तिचं काही चालत नाही. एकालाही वाटेल ते करायची मुभा नाही. हे सगळं आपल्या आज्यांनी आधीच लावून दिलंय, तुम्ही फक्त पहिल्या दोन प्रकरणांत वाचकाला सांगून टाका.

हाकामारीचंच घ्या. म्हातारी दारात मेलेली सापडते, कडी आतून काढलेली. गाव म्हणतं हाकामारी. पण शेजारणीने त्या रात्री हाक ऐकली ती तीनदा. पहिल्या हाकेला म्हातारीने ओ दिली असती तर हाकामारीला पुन्हा हाक मारायचं कारण नव्हतं, आणि ओ दिली नसती तर तिचं काही चाललंच नसतं. म्हणजे तिसऱ्या हाकेला दार उघडलं ते माणसाला. मुंबईच्या मुलाचा आवाज मोबाइलवर वाजवणाऱ्या माणसाला. झाला की सुगावा.

मालवणी_मसालो

हिशेबनीसानू, बरा सांगितलात. पण देवचाराची गोष्ट वायली. देवचार हा भूत न्हय, तो राखणदार. आमच्याकडे तो कोणाक मारीत नाय, वाट चुकलेल्याक घराक पोचयता. हातात दांडो, खांद्यार घोंगडी, फुडे दिवटी. आजी सांगायची, रात्री काठयेचो आवाज इलो की बाजूक व्हावचा, आपली वाट सोडायची, मागे बघूचा नाय.

आता सगळ्यांना कळावं म्हणून प्रमाण मराठीत. पारंबी, तुमच्या कथेतली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत. देवचार शीव सोडत नाही. गावाच्या हद्दीत तो रात्रभर फिरेल, हद्दीपलीकडे एक पाऊल टाकणार नाही. पलीकडे दुसऱ्या गावाचा राखणदार असतो. आता मला सांगा, प्रेत पडलं कुठे?

पारंबी

सड्यावर. व्हाळाच्या अलीकडे.

मालवणी_मसालो

अलीकडे म्हणजे कुणाच्या हिशेबाने? सरकारी नकाशाच्या, की जिथे वर्षाचा नारळ-कोंबडा देतात त्या दगडाच्या? ह्या दोन शिवा सगळीकडे जुळतातच असं नाही. मोजणीवाले येऊन गटाची हद्द टाकून जातात, राखण आपली जुन्या दगडावरच दिली जाते.

पारंबी

थांबा थांबा. हे लिहून घेते.

जुनापुराणा

संशयात्मा, आपल्याकडचा पहिला 'क्राइम सीन' वनपर्वात आहे. यक्षप्रश्न सगळ्यांना पाठ असतात, पण त्याच्या आधीचा भाग लोक घाईने वाचतात.

युधिष्ठिर तळ्याकाठी येतो. चारही भाऊ मरून पडलेत. तो रडतो, आणि मग थांबून बघायला लागतो. अंगावर शस्त्राचा एकही घाव नाही. आजूबाजूला दुसऱ्या कुणाच्या पावलांचे ठसे नाहीत. मग संशयितांकडे वळतो. दुर्योधनाने पाण्यात विष कालवलं असेल? हेतू आहे, स्वभावही आहे. पण भावांच्या चेहऱ्यांचा रंग बदललेला नाही, म्हणजे विष नाही. असं एकेक बाद करत तो म्हणतो की हे कुणातरी मोठ्या भूताचं काम असलं पाहिजे. यक्ष प्रकटतो तो यानंतर.

म्हणजे गुन्हेगार अतिमानवी, आणि तरी तपास नियमाने! जखमा, ठसे, विषाची लक्षणं, हेतू. घटनास्थळाचा पंचनामाच म्हणा ना. आणि शेवटी यक्ष कोण निघतो? साक्षात धर्म, युधिष्ठिराचा बाप. करणारा घरातलाच.

वेताळकथांची चौकटही बघा. कथासरित्सागरातला तो राजा आपल्या पैठणचा, गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा. एक भिक्षू त्याला रोज एक फळ आणून देतो. राजा ते भांडाराच्या अधिकाऱ्याकडे देतो, तो आत टाकून देतो. एके दिवशी पाळलेल्या माकडाने फळ फोडलं तर आतून रत्न! भांडारात बघतात तर फळं कुजलेली आणि रत्नांचा ढीग. इतकी वर्षं हा माणूस न मागता एवढं देतोय, याला हवंय काय? प्रश्न पहिल्या पानावर आला. उत्तर चोवीस कथांनंतर वेताळ देतो, की भिक्षूला तुझाच बळी द्यायचाय. खुनशी माणूस, आणि खबर देणारं प्रेतातलं भूत. सोमदेवाने हे अकराव्या शतकात लिहिलं, तेव्हा नॉक्सला विचारायची सोय नव्हती.

संशयात्मा

युधिष्ठिराचं मान्य, छान सापडवलंत. पण त्यात वाचकाला यक्ष आधी माहीत नसतो. तुमच्या 'नियम आधी सांगा' या अटीत ते बसत नाही. ती पुराणकथा म्हणून चालते, पारंबींना तशी मुभा नाही.

दूरदेशी

लीड्सहून लिहितोय. इथून ब्रॅडफर्ड जवळ, आणि त्याला लागून कॉटिंग्ली नावाचं गाव. या विषयावर बोलायचं तर कॉटिंग्लीला वळसा घालून जाता येत नाही.

१९१७ मध्ये तिथल्या दोन मावसबहिणींनी, एक सोळा वर्षांची आणि एक नऊ, ओढ्याकाठी पऱ्यांचे फोटो काढले. १९२० च्या नाताळात ते लंडनच्या स्ट्रँड मासिकात छापून आले. लेख कुणाचा? आर्थर कॉनन डॉयलचा. होम्सचा बाप! त्याला ते फोटो खरे वाटत होते, १९२२ ला त्याने त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. १९८३ मध्ये दोघी आज्या झाल्यावर त्यांनी कबूल केलं, की मुलांच्या एका पुस्तकातली चित्रं बघून पऱ्या काढल्या, कापल्या आणि हॅटला लावायच्या पिनांनी गवतात उभ्या केल्या. पाचव्या फोटोबद्दल मात्र धाकटी शेवटपर्यंत म्हणत राहिली की तो खरा होता. हा पाचवा फोटो मला फार आवडतो.

गंमत पुढे आहे. पऱ्यांचं पुस्तक १९२२ चं. १९२४ च्या जानेवारीत त्याच मासिकात डॉयलने होम्सची एक कथा दिली, बाळाचं रक्त पिणाऱ्या आईची. तिथे होम्स पहिल्याच पानांत पिशाच्चांना दारातून परत पाठवतो. स्वतः पऱ्या मानणाऱ्या माणसाने आपल्या डिटेक्टिव्हला पऱ्या मानू दिल्या नाहीत! लेखकाची श्रद्धा आणि कथेचे नियम हे दोन वेगळे कप्पे आहेत, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. पारंबी, तुम्ही स्वतः देवचार मानता की नाही याच्याशी कथेला काही घेणंदेणं नाही, तिने फक्त आपले नियम पाळावेत.

निवृत्त_खाकी

धागा आवडला. तीस-बत्तीस वर्षं खात्यात गेली, म्हणून दोन शब्द.

एक, खुनाचा तपास हवालदाराकडे नसतो. पोलीस निरीक्षक, सहायक निरीक्षक किंवा उपनिरीक्षक (पीएसआय) करतो. दुसरं, लातूरचा हवालदार सहजासहजी सिंधुदुर्गात येत नाही, भरतीच जिल्ह्याची असते. तुमच्या बाईंना एमपीएससीतून आलेली पीएसआय करा. तिची नेमणूक कुठेही होऊ शकते. हवालदार स्थानिक ठेवा, पन्नाशीचा, गावरहाटी ओळखणारा. तो तिला सांगेल आणि वाचकाला आपोआप कळेल. वेगळं प्रकरण लिहून नियम सांगायला नकोत.

तिसरं महत्त्वाचं. गावाने देवचाराचं नाव घेतलं की पुढे काय होतं ते लक्षात घ्या. फिर्याद द्यायला कुणी येत नाही. अकस्मात मृत्यूची नोंद होते, आम्ही त्याला एडी म्हणतो. पंच सह्या करतात, "कुणाविरुद्ध संशय नाही" असं जबाबात येतं, कागद बंद. भूत खरं असो नसो, कागद बंद करायला ते फार सोयीचं. मी अशा एडी पाहिल्यात. "पाय घसरून पडला" हेही एक प्रकारचं भूतच असतं.

बाईंनी एडीचा खून करून दाखवायचा, ही तुमची कथा.

कलम_खोडकर

खाकीसाहेबांना पूर्ण अनुमोदन. वकील म्हणून माझी भर.

भुताचा जबाब कोर्टात चालेल का? मृत्यूपूर्व जबाबाचं कलम आधी पुरावा कायद्यात ३२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात २६ आहे. त्यात मेलेल्या माणसाचं बोलणं ग्राह्य धरतात ते जिवंतपणी केलेलं म्हणून. मेल्यानंतर केलेल्या विधानाची सोय संसदेने केलेली नाही. अंगात आलेल्या बाईच्या तोंडून आलं तर तो ऐकीव पुरावा. आणि उलटतपासणी कुणाची घ्यायची? समन्स पिंपळाला चिकटवायचं?

पण एक खरा खटला सांगते. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातला ग्रीनब्रायर परगणा, १८९७ चा जानेवारी. झोना नावाची नवी नवरी घरात मरून पडलेली सापडली. डॉक्टर यायच्या आत नवऱ्याने प्रेताला उंच कॉलरचा पोशाख घालून ठेवला होता, आणि डॉक्टर मानेकडे वळले की तो डोकं धरून रडायला लागायचा. नैसर्गिक मृत्यू म्हणून पुरलं. नंतर झोनाची आई सरकारी वकिलाकडे गेली. म्हणाली, लेक चार रात्री आली आणि नवऱ्याने मान मोडली म्हणून सांगितलं. प्रेत उकरलं. मान मोडलेली होती, गळ्यावर बोटांच्या खुणा होत्या.

खटल्यात सरकारी वकिलाने भुताचा 'भ'सुद्धा काढला नाही. तो विषय काढला बचाव पक्षाने, आईला खुळी ठरवायला. ती तसूभर हलली नाही, आणि ज्यूरीच्या मनात भूत जाऊन बसलं ते बसलंच. नवऱ्याला जन्मठेप झाली. आज तिथे राज्य सरकारचा फलक आहे, भुताच्या साक्षीने गुन्हेगाराला शिक्षा झाल्याचा एकमेव ज्ञात खटला म्हणून.

लेखिकेने यातली वाटणी बघावी. कुठे खणायचं एवढंच भुताने सांगितलं. मोडलेलं हाड डॉक्टरने दाखवलं. भुताला इतकंच काम द्या, कथा उभी राहते.

उजेड

मला वेगळंच बोलायचंय. थोडं गंभीर आहे, राग मानू नका.

आपल्या राज्यात भूत काढायच्या नावाखाली माणसांना साखळीने बांधतात, चाबकाने मारतात. बायकांवर चेटकिणीचा आळ घेतात. २०१३ च्या ऑगस्टमध्ये दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत पहिलीच नोंद भूत उतरवण्याच्या बहाण्याने होणाऱ्या मारहाणीची आहे. अशा ठिकाणी 'भुतं खरी आहेत' म्हणणारी कथा, तीही पोलिसाच्या तोंडून, मला खटकते. परदेशात ड्रॅगनवर कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणून तिथे तो निरुपद्रवी. आपल्याकडे मुंजा निरुपद्रवी नाही.

हिशेबनीस

उजेड, मुद्दा वजनदार आहे. पण नारायण धारपांच्या भयकथांतले समर्थ वाचून कुणी लेकीसुनेला चाबकाने मारलं नसेल. (तसंही मी समर्थकथांना रहस्यकथा म्हणत नाही. समर्थ आले की संकट टळणार हे ठाऊक असतं, मजा भीतीची असते, अंदाज बांधण्याची नव्हे. भीतीत मात्र धारपांचा हात धरणारा नाही.)

कलम_खोडकर

त्याच कायद्यात दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे, पोलीस निरीक्षकाच्या खालचा नको अशी अट. पारंबी, तुमच्या पीएसआयचा वरिष्ठ हा दक्षता अधिकारी करा! भुतं खरी असलेल्या गावात भुताच्या नावावर चाललेली फसवणूक पकडायचं काम ज्याच्याकडे, तो माणूस काय करेल? उजेड यांच्या आक्षेपाला पात्रच मिळालं.

पारंबी

उजेड, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मला वाटतं तुमचा आक्षेप आणि माझी कथा एकाच बाजूला आहेत.

कालपासून डोक्यात हेच घोळतंय. माझ्या कथेत देवचार खरा आहे, पण त्याने खून केलेला नाही. त्याच्यावर आळ आलाय. खाकीसाहेब म्हणाले तसं, गावाने त्याचं नाव घेतलं आणि कागद बंद झाला. म्हणजे माझ्या पीएसआयचं पहिलं काम खुनी शोधणं हे नाहीच. तिने आधी देवचाराला निर्दोष सोडवायचं. ते झालं की माणसं उरतात, आणि गावाला नेमकं तेच नकोय. चाबूक मारणारे लोकही हेच करतात ना, माणसाचा गुन्हा भुताच्या नावावर घालतात?

मालवणी_मसालो यांच्या शिवेवरून सोडवणूक अशी करायचं ठरवलंय. प्रेत सरकारी नकाशाप्रमाणे गावाच्या हद्दीत आहे, पण राखणीच्या दगडाच्या पलीकडे. देवचार तिथे जाऊच शकत नाही. म्हणजे प्रेत तिथे टाकणाऱ्याला देवचाराची गोष्ट माहीत आहे, पण त्याची शीव नकाशावरून माहीत आहे. असा माणूस कोण? रिसॉर्टसाठी जमीन घेणारा दलाल, मोजणीदार, असे दोघे-तिघे बाहेरचे संशयित मी पेरलेत.

आणि साक्षीदार म्हणून ग्रामदेवतेचा कौल ठेवलाय. पाषाणाला पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. देवी खोटं बोलत नाही, पण विचारलं तेवढ्यालाच उत्तर देते, आणि तेही एका शब्दाचं. म्हणजे सगळी हुशारी प्रश्न विचारण्यात.

संशयात्मा

कौलाची कल्पना पहिल्यांदाच पटली. 'हो-नाही'वाला साक्षीदार म्हणजे कोडंच. "बाळाने मारलं का?" नाही. "बाळाच्या सांगण्यावरून मारलं का?" हे विचारायचंच राहिलं, म्हणून बाळा सुटला. असं काही करा.

दूरदेशी

यातला एक धोका सांगतो. अलौकिक साक्षीदार खोटं बोलत नाही असं का धरून चालायचं? जपानच्या अकुतागावाची १९२२ ची कथा आहे, जिच्यावरून कुरोसावाने १९५० चा प्रसिद्ध सिनेमा केला. जंगलात एक सामुराई मेला. दरोडेखोर म्हणतो मी मारलं, बायको म्हणते मी मारलं, आणि मेलेला स्वतः माध्यमाच्या तोंडून येऊन सांगतो की मी आत्महत्या केली. मेला म्हणून खरं बोलेल याची खात्री नाही, त्यालाही अब्रू आहेच.

उलट टोक चीनचं. न्यायाधीश बाओ, सोंग काळातला खरा माणूस, ९९९ ते १०६२. त्याच्या नावावरच्या दंतकथांत एका माणसाला लुटून मारतात, जाळतात, राख मातीत कालवून मडकं करतात. ते मडकं एका म्हाताऱ्याला मिळतं आणि बोलायला लागतं. म्हातारा मडकं घेऊन थेट कचेरीत! तिथल्या वाचकाला खुनी कोण हे बऱ्याचदा सुरुवातीलाच माहीत असायचं. उत्सुकता असायची ती न्यायाधीश हे सिद्ध कसं करणार याची. पारंबी, तुम्हाला तोही रस्ता मोकळा आहे.

मालवणी_मसालो

पारंबी, दलाल नको हो. दलाल म्हटल्यावर वाचक दुसऱ्या पानावर बोट ठेवणार. आणि दलाल बाहेरचा, त्याला देवचाराची वाट कुठली, गडगा घातल्यावर गाव काय बोलेल, हे कसं कळणार?

देवचाराची गोष्ट आजीकडून ऐकलेली, पण शीव ठाऊक नाही, असा माणूस गावात एकाच जातीचा असतो. चाकरमानी! गणपतीला आणि शिमग्याला येणार, मुंबईत बसून सातबारा आणि नकाशा मोबाइलवर बघणार, राखण द्यायला मात्र कधी सड्यावर गेलेला नाही. ती चुलत्याने दिली, चुलतभावाने दिली. सातबाऱ्यावर दोघांचीही नावं. व्हय महाराजा!

चहा_बिस्कीट

मी चाकरमानी आहे. माझ्या भावना दुखावल्यात. (गेल्या वर्षी राखण कुठे दिली ते मला खरंच माहीत नाही.)

पारंबी

मसालो, तुम्ही माझा खुनी बदलून टाकलात. आता हा धागा वाचलेल्यांनी दिवाळी अंक विकत घेऊ नये.

निवृत्त_खाकी

एक शंका. कौल असताना पीएसआयला तपास करायची गरजच काय? पहिल्या दिवशी देवळात जाऊन वीस प्रश्न विचारले की मोकळी.

संशयात्मा

हाच तो प्रश्न, ज्यासाठी मी पहिल्यापासून भांडतोय.

मालवणी_मसालो

कौल लावतो कोण? गुरव. मेलेला माणूस गुरवाच्या भावकीतला असेल तर गुरवाला सुतक. दहा दिवस तो देवाला हात लावणार नाही.

हिशेबनीस

अरे!! म्हणजे खुन्याने माणूस असा निवडला की एकमेव साक्षीदाराचं तोंड दहा दिवस बंद राहावं. आणि हे कारण भुताच्या नियमातूनच आलंय. पण खुनी चुलतभाऊ म्हणजे त्यालाही तेच सुतक, आणि लोकलज्जेसाठी तेराव्यापर्यंत त्याला गावातच थांबावं लागणार. सुतक फिटतं अकराव्याला. पीएसआयकडे दोन दिवस.

निवृत्त_खाकी

हे जमलं. मात्र शेजारच्या गावचा गुरव बोलावता येईल का, ते आधीच एका वाक्यात बंद करून टाका, नाहीतर कुणीतरी विचारेल.

मालवणी_मसालो

मानापमान आहेत की. दुसऱ्या गावच्या गुरवाने आमच्या देवीला हात लावायचा? त्यावरून दुसरा खून होईल.

पारंबी

वा! मग शेवट असा. अकराव्या दिवशी सकाळी कौल लागतो, पीएसआय एकच प्रश्न विचारते, कोणता ते सांगत नाही. आणि त्याच दुपारी व्हिसेराचा रिपोर्ट हातात येतो, दोन्ही जुळतात.

निवृत्त_खाकी

व्हिसेराचा रिपोर्ट, अकराव्या दिवशी? ताई, देवचार चालेल, गिऱ्हा चालेल, बोलणारी देवी चालेल. पण हे कुणाला पटणार नाही.